पाठमोरा तास

४ जुलै

आई,

पाया पडते असं समजून घ्या. प्रत्यक्षात मी वह्यांच्या ढिगामागे बसले आहे आणि वाकायला जागा नाही.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात की फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं रचता. तुमचं रचलेलं माझ्या बोलण्यापेक्षा चांगलं असतं हे मान्य. पण आजचा विषय तसा नाही, म्हणून पत्र.

तुमचा वर्ग यंदा डझनभर मुलांचा आहे. तुम्ही निवृत्त होऊन वन्संकडे राहायला गेलात, तरी शाळेत त्याला अजून 'बाईंचा वर्ग' म्हणतात आणि त्या बाई म्हणजे मी नव्हे. शहरभरच्या शाळांतून परीक्षा घेऊन निवडलेली मुलं. एकेकाचं डोकं असं चालतं की दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करताना मलाच घाम फुटतो. त्यांच्यातल्या एकाचं नाव मला शाळेच्या समितीला कळवायचं आहे. दोन वर्षांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण, दुसऱ्या शहरात, राहण्या-जेवणासकट, आणि जागा एकच. नुसती हुशारी बघायची असती तर मी आजच नाव लिहून मोकळी झाले असते. हुशार तर सगळीच आहेत. चारचौघांना बरोबर घेऊन काम तडीस नेणारं कोण, हे कुठल्या पेपरात दिसतं?

म्हणून तुमचा पाठमोरा तास घेतला. खुर्ची भिंतीकडे वळवली आणि मुलांना सांगितलं, प्रयोगशाळेतलं मागचं कपाट रिकामं करायचं, पुसायचं आणि पुन्हा लावायचं. मला काही विचारायचं नाही, मी आज शाळेत आलेलीच नाही. मग तास संपेपर्यंत भिंत बघत बसले. भिंतीला रंग द्यायला हवा आहे. तुम्ही शिकवलं होतंत तसं फक्त कान उघडे ठेवले: ज्याच्या बोलण्यानंतर वर्ग शांत होतो, तो पुढारी.

दोनच आवाज कानात राहिले. एक आमच्या जावईबापूंचा. हे नाव मुलांनीच ठेवलंय, कारण त्याचा शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं लोण्यासारखं, आणि तो शिक्षकांच्या खोलीत आला की कुणीतरी उठून त्याला खुर्ची देतं. तो म्हणाला, "आपण सगळे मिळून करू या, कुणी घाई करू नका," आणि वर्ग खरंच गप्प झाला.

दुसरा आवाज हवालदारचा. ही मुलगी. तिचं बोलणं म्हणजे, "तू ते खाली ठेव. तू इकडे ये. तुझी उंची पुरत नाही, तू खालचा कप्पा घे." तिचं एक वाक्य झालं की मागे गोंधळ. स्टुलं ओढल्याचा आवाज, बाटल्यांचा खणखणाट, "तू कोण सांगणारी", "ही आली मोठी". माझं डोकं दुखायला लागलं. ही तीच मुलगी, जिनं पहिल्याच आठवड्यात मला भर वर्गात सांगितलं की मी फळ्याच्या ज्या भागावर लिहिते तिथे खिडकीचा उजेड पडतो आणि कुणाला काही दिसत नाही. खरं होतं, पण सांगायची काही पद्धत?

तेव्हा नियमाप्रमाणे जावईबापू. शिफारशीवर वर्गाच्या संस्थापक म्हणून तुमची सही लागते. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. तुमच्या चिरंजिवांना विचारलं तर ते म्हणाले, "आईला विचार." लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून मी दुसरा सल्ला ऐकलेला नाही.

तुमची,
सूनबाई


१० जुलै

सूनबाई,

आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

पत्र आलं तेव्हा तुझी नणंद ऑफिसात आणि दोन्ही नातवंडं शाळेत होती, त्यामुळे घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. असतं तरी मला ऐकू आलं नसतं. निवांत वाचलं.

माझ्या मते यात विचारण्यासारखं काही नाही. तू तास बरोबर घेतलास, ऐकलंस बरोबर आणि निष्कर्षही बरोबर काढलास. आवाज न चढवता ज्याचं ऐकलं जातं त्याच्यात काहीतरी असतं. आवाज चढवावा लागला की तिथे पुढारीपण संपलं आणि दमदाटी सुरू झाली. मी हे डोळ्यांनी नाही, पाठीनं शिकले आहे. डोळे फसतात, इस्त्रीच्या शर्टाला भुलतात. पाठ भुलत नाही.

तेव्हा शिफारस मी त्याच दुपारी लिहिली, सही केली आणि नातवाला पिटाळून पेटीत टाकून घेतली. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, कारण तुझं उत्तर मला माहीत होतं.

राहिली ती मुलगी. तिला मागे बसव आणि थोडे दिवस हाताला काम दे, तोंडाला नको. हुशार असेल, पण माणसं सांभाळणं हे वेगळंच काम आहे. ते सगळ्यांना जमत नाही, आणि न जमणं हा गुन्हाही नाही.

माझ्या मुलाला सांग, सल्ला देता येत नसेल तर निदान वह्या उचलून ठेव.

आई


२८ जुलै

आई,

शाळेत जे झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच कळवते.

शनिवारी प्रदर्शन होतं. आपल्या वर्गानं पुठ्ठ्याचं अख्खं शहर उभं केलं होतं. घरांत दिवे, मधून कालवा, कालव्यात पाणी खेळवायला छोटा पंप. दिवे उठून दिसावेत म्हणून सभागृहाचे पडदे ओढलेले. पालक खुर्च्यांवर, खालच्या वर्गांची चिल्लीपिल्ली पुढे जमिनीवर, आणि पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं. तेवढ्यात पंपाची नळी निसटली. पाणी टेबलाखालच्या तारांत गेलं, जळका वास आला आणि टेबलाच्या कापडाखालून धूर निघायला लागला.

जावईबापू माईकजवळ होता. त्यानं लगेच माईक हातात घेतला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, काही झालेलं नाही, सगळं ठीक आहे, कृपया बसून राहा. लोक बसून राहिले. हवालदार मात्र भिंतीपाशी धावली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. गुडूप अंधार. मग तिचा आवाज, माईकशिवाय, पार मागच्या भिंतीपर्यंत. आमच्या वर्गात एक इवलासा मुलगा आहे, त्याला सगळे पाव किलो म्हणतात. त्याला तिनं पडदे उघडायला पिटाळलं. लहान मुलांना पुढच्याचा शर्ट धरून रांगेत उठायला लावलं. मुख्याध्यापक सर दारात हात पसरून उभे होते, कुणी धावपळ करू नका म्हणत. त्यांना ती म्हणाली, "सर, बसा." आणि आई, सर बसले. समोर स्टूल होतं त्यावर, सगळ्या पालकांसमोर.

सभागृह बघता बघता रिकामं झालं. मी सगळ्यांना दारातून बाहेर काढलं. नुकसान म्हणाल तर टेबलावरचं कापड आणि पाहुण्यांचे बूट, कारण ते कालव्याच्या पाण्यात उभे राहिले.

आता सर म्हणतात, धोका नव्हताच, पोरीनं तमाशा केला आणि शाळेची अब्रू घालवली. तिनं सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर समितीच्या बैठकीत तिला या वर्गातून काढायचा ठराव येईल. ती माफी मागत नाही. म्हणते, "ते दारात उभे होते, म्हणून मी बसा म्हणाले." इथून काढलं तर तिला तिच्या जुन्या शाळेत परत जावं लागेल. तिथे एका वर्गात साठ मुलं आहेत आणि तिला प्रश्न विचारायची बंदी होती.

जावईबापूचं सगळीकडे कौतुक चाललंय, गडबडीतही किती शांत राहिला म्हणून. ते ऐकताना मला काहीतरी खटकतं. काय ते नीट सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सूनबाई


२ ऑगस्ट

सूनबाई,

पत्र वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. पाहुण्यांचे बूट आहेत, सरांचं स्टूल आहे, त्या इवल्या मुलाचे पडदे आहेत. तू कुठे होतीस?

'मी सगळ्यांना दारातून बाहेर काढलं' एवढं एक वाक्य आहे, आणि ते तुझं वाटत नाही. एरवी तू दार लिहिलंस की त्याची कडी करकरते हेही लिहितेस. तुझ्याबद्दल मला माहीत नाही असं फार थोडं आहे. तेव्हा नीट लिही.

मुलीबद्दल. कुणी जखमी झालं नाही ही चांगली गोष्ट. पण मेन स्विच खाली ओढणं ही हुशारी झाली. अंधारात ओरडून लोकांना उठवणं हे नशीब. कुणी चेंगरलं असतं तर आज तू वेगळं पत्र लिहिलं असतंस. त्या मुलानं लोकांना घाबरू दिलं नाही, हे तू विसरतेस. माझं मत बदललेलं नाही.

तुला खटकतंय तर पुन्हा पाठमोरा तास घे. मन स्थिर ठेवून ऐक. तेच ऐकू येईल.

आई


९ ऑगस्ट

आई,

तुमच्यापासून काही लपत नाही, मग मी प्रयत्न तरी कशाला करते कोण जाणे.

मी खिडकीजवळ उभी होते. धूर दिसला तेव्हा मी घाबरले आणि जागची हलले नाही. माईकवरून 'सगळं ठीक आहे' ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी चक्क बसले. नाकात धूर जातोय आणि मी खुर्चीवर हात जोडून बसले आहे. मग दिवे गेले आणि अंधारातून आवाज आला, "बाई, तुम्ही दार धरा, ते आपोआप मिटतं." मी उठले आणि दार धरलं. शेवटचा माणूस जाईपर्यंत धरून उभी होते. त्याची कडी करकरते. मी एवढंच केलं. माझ्या वर्गातल्या मुलीनं मला काम सांगितलं आणि ते केल्यावर माझी भीती गेली.

आता दुसरी गोष्ट, आणि ही वाचून तुम्ही चिडणार.

तुम्ही म्हणालात तसा पुन्हा तास घेतला. मोडलेलं पुठ्ठ्याचं शहर आवरायचं काम दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जावईबापू बोलला आणि शांतता झाली. हवालदार बोलली आणि गोंधळ झाला. अगदी पहिल्यासारखं. मग मी तुमचा नियम मोडला. खुर्ची फिरवली.

जावईबापू पुन्हा काहीतरी छान बोलला. वर्ग शांत झाला, आणि सगळी मुलं होती तिथे उभी राहिली. प्रसन्न चेहऱ्यानं. कुणाचा हात हलला नाही. एकमेकांकडे बघत होती, जणू काम झालंच. ही तुमची ती शांतता, आई.

मग हवालदार. "तू पंप सोड. तुझे हात थरथरतात, तू गाठी सोडवू नकोस, तू पुठ्ठे उचल. पाव किलो, टेबलाखाली तूच मावशील, जा." आणि गोंधळ सुरू. तो गोंधळ मी या वेळी बघितला. 'तू कोण सांगणारी' असं म्हणणारा मुलगा ते म्हणत म्हणत पुठ्ठे उचलत होता. स्टूल ओढलं जात होतं, कारण कुणीतरी वरची तार काढायला चढत होतं. कुरकुर सगळ्यांची चालू आणि कामही सगळ्यांचं चालू. आपण भिंतीकडे तोंड करून काम चालल्याचा आवाज ऐकत होतो आणि त्याला भांडण म्हणत होतो.

एक मुलगी आहे, आल्यापासून कुणाशी बोललेली नाही. हवालदारनं तिच्या हातात सामानाचा कागद दिला आणि म्हणाली, "मोठ्यानं वाच, मला इकडून ऐकू आलं पाहिजे." ती वाचायला लागली. मी जूनपासून जे करू बघतेय ते तिनं दोन वाक्यांत केलं. आणि जावईबापूला ती काय म्हणाली माहीत आहे? "तू सगळ्यांमधून फिर. तू जवळ असलास की ही भांडत नाहीत." त्याचा उपयोगसुद्धा तिला आपल्यापेक्षा जास्त कळलाय.

तो पोरगा तासानंतर माझ्याकडे आला. इस्त्रीचा शर्ट धुळीनं माखलेला. म्हणाला, "त्या दिवशी माझं सगळ्यांनी ऐकलं, बाई. मला तेच सारखं आठवतं." आणि तोंड फिरवून उभा राहिला. मुलगा गुणाचा आहे. पण तिकडे आधी पाठवायचं मूल तो नाही, आणि हे त्यालाही कळलंय.

आई, तुमची शिफारस मागे घ्या. तुमच्या सहीशिवाय माझ्या शब्दाला तिथे कुणी विचारत नाही. बैठक आठ सप्टेंबरला आहे. त्या दिवशी ती जागा तिला मिळेल, नाहीतर ती वर्गातूनही जाईल. मधलं काही उरलेलं नाही.

सूनबाई


१३ ऑगस्ट

सूनबाई,

सही मागे घ्यायची माझी पद्धत नाही.

इतकी वर्षं मी तो तास घेतला. माझ्या निवडीची मुलं आज कुठे कुठे पोचली आहेत ते तुला ठाऊक आहे. तू त्यांच्या घरी जेवून आली आहेस. आणि तू एकदा मान वळवून बघितलंस आणि सगळं खोटं ठरवलंस. तू घाबरलीस, त्या मुलीनं तुला सावरलं, आता तुला ती देवासारखी दिसते. हे साहजिक आहे, पण याला निवड म्हणत नाहीत.

तिला माफी मागायला लाव. वर्गात राहील. तेवढं पुष्कळ झालं.

आई


२० ऑगस्ट

आई,

तुमचं पत्र मिळालं. रागानं नाही लिहीत. राग येऊन गेला, तुमच्या चिरंजिवांनी तो सहन केला.

मी आठ तारखेला समितीपुढे जाणार आणि तुमच्या सहीच्या विरोधात बोलणार. हवालदारचं नाव मांडणार. माझं कुणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. समितीच्या अध्यक्षबाई तुमच्याच विद्यार्थिनी आहेत आणि तुमचं नाव निघालं की खुर्चीत सरळ होऊन बसतात. तरी बोलणार. माफीचं मी तिला सांगणार नाही. मागायची असेल तर ती तिच्या मनानं मागेल. दार धरणाऱ्या बाईनं तिला माफी मागायला लावली, असं मला नको आहे.

तुम्हाला आधी सांगणं माझं काम होतं. परवानगी मागत नाही. राग मानू नका, किंवा माना, पण तब्येत जपा. गोळ्या वेळेवर घ्या.

सूनबाई


२७ ऑगस्ट

सूनबाई,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं आणि दोन रात्री नीट झोपले नाही. तिसऱ्या दिवशी उठले आणि म्हटलं, बघू तरी.

इथली दोन नातवंडं आणि शेजारची चार पोरं गोळा केली. माळा उपसून आवरायला सांगितला आणि मी स्वयंपाकघरात पाठ करून बसले. आता तू म्हणशील, म्हातारीला ऐकू काय येणार. शांतता आणि गोंगाट एवढा फरक मला अजून कळतो. आपला मोठा नातू काहीतरी बोलला आणि मस्त शांतता पसरली. मी खूश. घराण्याचं रक्त, म्हटलं. बराच वेळ शांतता. मग उठून बघितलं.

माळ्यावरचं एक डबडं हललं नव्हतं. नातवानं सगळ्यांना सांगितलं होतं की आजी बघायला यायच्या आत आवरू, आधी टीव्ही, आणि सहाही जणं पलंगावर ओळीनं बसून टीव्ही बघत होती, आवाज बंद करून. सगळ्यांनी त्याचं एकमतानं ऐकलं होतं.

मी तिथल्या तिथे खाली बसले आणि हसले. मग हसू थांबलं. माझ्या मागच्या वर्गांचा विचार करत बसायला मला वेळ नाही, आणि करून त्यांचं काही होणारही नाही. या मुलीचं अजून व्हायचं आहे.

सही मागे घेतल्याचं पत्र अध्यक्षबाईंना आज गेलं. पण नुसतं कागदावर भागणार नाही. तुझ्या मुख्याध्यापकांना मी ओळखते, त्यांना नाकाला लागलेल्या मिरच्या फार दिवस झोंबतात. मी स्वतः येते. आठ तारखेला सकाळच्या बसनं पोचेन, संध्याकाळच्या बसनं परत, कारण लेक त्या रात्री गावाला जाणार आहे आणि पोरांपाशी कुणी नाही.

प्रयोगशाळेला व्हरांड्याच्या बाजूनं मोठी काच आहे ना? वर्गाला आत काहीतरी काम लाव आणि दार घट्ट मिटून घे. सगळ्या समितीला मी काचेबाहेर उभं करणार. त्यांना एक शब्द ऐकू येता कामा नये. माझ्यासारखे बहिरे होऊन बघू देत. कुणाचं तोंड हललं की कुणाचे हात हलतात, एवढंच बघायचं.

मुलांना सांगू नकोस. आणि स्टेशनवर, म्हणजे बस स्टँडवर, माझ्या मुलाला पाठव. तू शाळेत थांब, तिथे तुझी गरज आहे.

आई


११ सप्टेंबर

आई,

पोचल्याचं वन्संनी कळवलं. तुमची बस सुटल्यावर काय झालं ते सांगते, पण त्याआधी थोडं मागचं. तुम्ही काचेला नाक लावून उभ्या होतात, त्यामुळे तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्हाला कळलं नाही.

सुरुवातीला सर घड्याळ बघत होते. मग घड्याळ बघायचं थांबले. हवालदार एका उंच, अडेलतट्टू मुलाला काहीतरी म्हणाली, तो हात नाचवून भांडला, आणि मग जाऊन शिडी घेऊन आला. सर हळूच म्हणाले, "ती त्याला काय म्हणाली?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही, सर." थोड्या वेळानं सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण तो गेला." जावईबापू काय करत होता ते तुम्हीही बघितलंत. सगळ्यांत आधी त्यानंच झाडू उचलला होता. अध्यक्षबाईंनी त्याचं नाव पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवलंय, आणि मी त्यांना ते विसरू देणार नाही.

तुम्ही गेल्यावर बैठक बसली. मी बोलले. अध्यक्षबाईंचं मन वळलं होतं, पण सर माफीवर अडून होते. म्हणाले, शिस्त म्हणून काही आहे की नाही. मग तिलाच आत बोलावलं. ती आली आणि सरांसमोर उभी राहिली, हात मागे बांधून.

म्हणाली, "सर, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बसा म्हणाले, ते चुकलं. बाहेर चला म्हणायला हवं होतं. तुम्ही पण धुरातच होतात."

मला वाटलं, संपलं. सर तिच्याकडे बघत राहिले, मग टेबलाकडे, मग चष्मा काढून पुसत बसले. पुसायला चष्म्यावर काही नव्हतं. शेवटी अध्यक्षबाईंना म्हणाले, "लिहा तिचं नाव."

ती जागा तिला मिळाली, आई. महिनाअखेरीस निघायचंय.

मला वाटलं ती उड्या मारेल. व्हरांड्यात आली आणि प्रयोगशाळेच्या काचेपाशी थांबली. शाळा सुटली तरी आत तिचा वर्ग अजून आवरत होता. कपाटात बाटल्या कुठे ठेवायच्या यावरून जुंपली होती. ती आत गेली नाही. बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, मी गेल्यावर यांना बरं वाटेल ना?"

आई, मला वाटत होतं तिला कशाचंच काही वाटत नाही. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसत नाही, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि तिचा स्वभाव म्हणून सोडून दिलं. तिला ते रोज दिसत होतं. रोज दिसत असूनही दुसऱ्या दिवशी येऊन ती पुन्हा सांगत होती, तू हे धर, तू ते उचल.

मी तिला जवळ घेतलं नाही. तिला ते आवडलं नसतं. आणि खोटंही बोलले नाही.

"हो," मी म्हटलं, "पहिले दोन दिवस."

तिनं त्यावर विचार केला. मग बाहीनं डोळे पुसले, म्हणाली, "मग जाते," आणि दार उघडून आत बाटल्या कुठे ठेवायच्या ते सांगायला गेली.

सूनबाई